शेवटच्या मिनिटाचा गोल
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गोंडपिपरी येथें केलेलें भाषण)



रौप्यमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली, हा आम्ही आमचा बहुमान समजतों. व्यवस्थापक मंडळींनीं विषयाची निवड आमच्याकडेच सोंपविली होती. अशा समारंभांत गतकालाचें गुणवर्णन करावें, संस्थापकांचे आभार मानावे आणि भावी कालाविषयीं शुभेच्छा व्यक्त कराव्या, असा शिष्टसंमत प्रघात आहे. आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं तें कार्य इतकें उत्तम रीतीनें केलें आहे कीं, त्यांत भर घालण्याचें सामर्थ्य आमच्या ठायीं नाहीं. म्हणून आपली अनुज्ञा घेऊन आम्ही आज एका पराभवाविषयीं बोलणार आहों. उत्सवाच्या दिवशीं पराभवाची कथा सांगणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु आज दुपारीं समोरच्या मैदानावर आपल्या मुलांचा व शेजारच्या गांवच्या मुलांचा फुटबॉलचा सामना व्हावयाचा आहे, आणि सायंकाळपर्यंत दोहोंपैकीं एक संघ बहुधा हरलेला असेल. त्या संघास उपयोगी पडावें एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

सन १९८७ ची गोष्ट. आम्ही त्या वेळीं नागपुरांत कॉलेजांत शिकत होतों. वर्धा व वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या या आपल्या रानांतून नागपुरास शिकावयास जाणारी मुलें त्या काळीं थोडीं. एस. टी. च्या गाडीनें चंद्रपूर गांठावें, तेथून पुढें नागपूर, आणि वसतिगृहाच्या दारांत पेटी ठेवतांच पहिला प्रश्न यावयाचा, तो हा कीं, "गोंडपिपरी म्हणजे कोठें?" आम्ही कांहीं दिवस तिचा पत्ता सांगितला, पुढें पुढें नुसतें "चंद्रपुराकडचा" एवढेंच म्हणूं लागलों. या लहानशा लपवालपवीचें फळ आम्हांस पुढें कसें मिळालें, तें आतां सांगतों.

आमच्या कॉलेजाचा फुटबॉलचा संघ चांगला होता. स्वतः आम्ही कधीं संघांत नव्हतों. पण मैदानाच्या कडेला उभें राहून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांत आमचा क्रमांक पहिला असे. शहरांत आणखी एक कॉलेज होतें. त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. त्या कॉलेजाशीं आमचें वैर पिढीजात होतें, आणि तें कशावरून सुरू झालें हें दोन्हीकडच्या कोणासही ठाऊक नव्हतें. वर्षभर इतर सर्व सामने हरलें तरी चालेल, पण त्यांच्याशीं हरतां कामा नये, अशी आमची भावना होती. आमचा गोलरक्षक आमच्याच तालुक्यांतील एका लहान गांवचा, गोंड कुटुंबांतील मुलगा होता. मितभाषी, उंच, लांब हातांचा. लहानपणीं मोहाच्या झाडाखालीं चिंध्यांचा चेंडू अडवून अडवून त्याची नजर तयार झालेली. वसतिगृहांत त्याची खोली आमच्या खोलीस लागून होती.

त्या वर्षीं अंतिम सामना नेमका त्या दोन कॉलेजांतच आला. सकाळीं पाऊस पडून गेला होता. दुपारीं लख्ख ऊन पडलें. मध्यंतरापूर्वीं आम्हीं एक गोल केला. मध्यंतरानंतर त्यांनीं तो फेडला. बरोबरींतच खेळ संपणार असें वाटत असतां, अगदीं अखेरच्या मिनिटास त्यांच्या एका खेळाडूनें दुरूनच चेंडू मारला. तो फार जोराचाही नव्हता. सूर्य गोलरक्षकाच्या तोंडावर होता, चेंडू ओला होता. त्याच्या दोन्ही तळव्यांच्या मधून तो निसटला आणि हळूहळू, जणू आमची थट्टा करीत, रेषेच्या पलीकडे गेला. पुन्हां चेंडू मध्यावर ठेवून खेळ सुरू होतो न होतो तोंच पंचांची शिटी झाली. दोन विरुद्ध एक. सामना संपला.

बंधूंनो, मोठ्या फरकानें झालेला पराभव मनुष्य लवकर विसरतो. पांच गोलांनीं हरलेला संघ घरीं जाऊन निजतो. कारण दुसरा पक्ष आपल्याहून चांगला होता हें त्यास कबूल करावेंच लागतें. परंतु एका गोलानें, आणि तोही अखेरच्या क्षणीं झालेला पराभव निजूं देत नाहीं. त्यांत "जर" व "तर" यांना पुष्कळ जागा असते. जर पाऊस पडला नसता, जर नाणेफेकींत आम्हांस दुसरी बाजू मिळाली असती, जर पंचांनीं ती एक चूक पाहिली असती! फुटबॉलचा खेळच असा आहे कीं, दीड तास बावीस माणसें धावतात आणि गोल होतात ते दोन किंवा तीन, कित्येकदां एकही नाहीं. म्हणून एका निसटलेल्या चेंडूस सगळ्या दीड तासाची किंमत येते. हें गणित शांतपणें समजून घेण्याऐवजीं मनुष्याचें मन त्या एका चेंडूसाठीं एक अपराधी शोधूं लागतें. आणि अपराधी शोधावयाचा झाला म्हणजे जो सर्वांत एकटा उभा असतो तोच हातीं लागतो. फुटबॉलच्या मैदानावर गोलरक्षकाहून एकटा कोण असतो?

चेंडू निसटला त्याच क्षणीं आमच्या मागून कोणी तरी ओरडलें, "जंगली!" दुसऱ्यानें तोच शब्द उचलला. तिसऱ्यानें त्यास आणखी शब्द जोडले. आणि आम्ही — ज्यांचें बालपण त्याच जंगलांत, त्याच तेंदूपानांच्या व मोहफुलांच्या वासांत गेलें होतें — आम्ही हंसलों. ओरडलों नाहीं, हें खरें, परंतु हंसलों. त्यानें मान वळवून पाहिलें आणि त्यास आम्ही हंसतांना दिसलों. त्या रात्रीं भोजनगृहांत त्याच्या बाजूस कोणी बसलें नाहीं. आमच्या शेजारीं एक जागा रिकामी होती. तीवर आम्हीं आमची वही ठेवली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याची खोली रिकामी होती. पेटी व अंथरूण घेऊन तो गांवीं निघून गेला होता.

ही कथा येथें क्षणभर थांबवून आम्ही आपणांस थोडें दूर नेतों. कारण आमचें मन त्या प्रसंगाचा उलगडा करण्यास पुढें पुष्कळ वर्षें इतरांचे पराभव पाहत राहिलें आहे.

त्या वसतिगृहांत आमचे दोन गोमंतकीय मित्र होते. त्यांच्या संगतीनें आम्ही गोव्याच्या संघाचे अभिमानी झालों. गोव्यांत फुटबॉल नेला तो एका धर्मगुरूनें. १८८३ सालीं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनीं शिवोली येथील मुलांस हा खेळ शिकविला असें सांगतात. आणि तेव्हांपासून चर्चपुढचें मैदान व फुटबॉल यांची तेथें जोडी जमली ती आजतागायत. राष्ट्रीय स्पर्धेंतील संतोष करंडक १९४१ सालीं सुरू झाला आणि पहिला विजयही बंगालचा झाला. गोवेकर पुढें या बंगालचे प्रतिस्पर्धी बनले. १९८२-८३ च्या स्पर्धेंत दोघे संयुक्त विजेते ठरले. पुढच्याच स्पर्धेंत पंजाबास हरवून गोव्यानें करंडक प्रथमच एकट्यानें जिंकला. आणि २००९ सालीं चेन्नई येथें गोव्यानें बंगालला पेनल्टीच्या फटक्यांवर हरविलें. अशा या जुन्या प्रतिस्पर्ध्यांची गांठ २६ मार्च २०१७ रोजीं खुद्द गोव्यांत, बांबोळी येथील मैदानावर, अंतिम सामन्यांत पडली. उपांत्य सामन्यांत लिस्टन कुलासो या तरुणानें दोन गोल करून केरळास हरविलें होतें. सारा गोवा आशेनें भरला होता. नव्वद मिनिटांत कोणाचाही गोल झाला नाहीं. जादा वेळ सुरू झाली. एकशेएकोणिसाव्या मिनिटास, म्हणजे पेनल्टीच्या फटक्यांना एकच मिनिट उरलें असतां, बंगालच्या मनवीर सिंगानें गोल केला. बंगालनें बत्तिसाव्यांदा करंडक नेला, आणि गोवेकर स्वतःच्या अंगणांत मान खालीं घालून उभे राहिले.

बातमी वाचून आम्हीं त्या गोमंतकीय मित्रांपैकीं एकास पत्र लिहिलें. त्याचें उत्तर आलें, त्यांत सामन्याविषयीं एकच ओळ होती. बाकीच्या पत्रांत आंब्याचा मोहर व मुलीचें लग्न. आम्हांस तें प्रथम विचित्र वाटलें. परंतु गोवेकरांना या जातीच्या दुःखाचा सराव आहे, हें आमच्या नंतर ध्यानांत आलें. २० डिसेंबर २०१५ रोजीं फातोर्डा येथें इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यांत गोव्याचा संघ चेन्नईच्या संघावर दोन विरुद्ध एक असा पुढें होता. नव्वदाव्या मिनिटास व त्यानंतरच्या दोन मिनिटांत दोन गोल होऊन तो तीन विरुद्ध दोन असा हरला. त्यांतील पहिला गोल तर गोव्याच्याच गोलरक्षकाच्या नांवावर, स्वतःच्या संघाविरुद्ध, लिहिला गेला. १७ मार्च २०१९ रोजीं मुंबईंत बंगळूरच्या संघाविरुद्ध पुन्हां तेंच. जादा वेळेंत, एकशेसतराव्या मिनिटास, एका गोलानें हार. इतकें झाल्यावर एखाद्या संघानें देवास दोष देऊन घरीं बसावें; परंतु हाच संघ एका महिन्याच्या आंत, १३ एप्रिल २०१९ रोजीं, भुवनेश्वर येथें सुपर कपचा अंतिम सामना खेळला आणि ज्या चेन्नईच्या संघाकडून पूर्वीं हरला होता त्यालाच दोन विरुद्ध एक असें हरवून तो करंडक त्यानें प्रथमच जिंकला.

आणि श्रोतेहो, यापुढची गोष्ट अधिक मनन करण्याजोगी आहे. ज्या मनवीर सिंगानें बांबोळीच्या मैदानावर गोवेकरांचें हृदय विदीर्ण केलें, तो त्याच वर्षीं, म्हणजे २०१७ सालीं, एफ. सी. गोवा या संघांत दाखल झाला! ज्यांनीं त्यास मार्चमध्यें शिव्याशाप दिले असतील त्यांनींच पुढें त्याच्या नांवानें टाळ्या पिटल्या. पुढें तो कोलकात्यास मोहन बागानच्या संघांत गेला. लिस्टन कुलासोही २०२१ सालीं त्याच संघांत आला. एका सामन्याचे दोन शत्रु एकच सदरा अंगावर घालून खेळूं लागले, आणि १८ मार्च २०२३ रोजीं फातोर्डा येथेंच त्यांच्या संघानें इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला. आमच्या हाडवैराचें वय किती अल्प असतें, हें यावरून दिसून येईल.

आतां दुसरा एक दाखला. अमेरिकेंत इंडियाना राज्यांत नोत्र देम नांवाचें प्रख्यात कॅथोलिक विद्यापीठ आहे. पवित्र क्रूस संघाचे फादर एडवर्ड सोरिन यांनीं तें १८४२ सालीं स्थापिलें. तिकडे "फुटबॉल" म्हणून जो खेळ खेळतात तो आपल्याहून निराळा. लांबट चेंडू हातांत धरून शत्रूच्या हद्दींत घुसावयाचें, असें त्याचें स्वरूप. कॉलेजांच्या या सामन्यांसाठीं तेथील लोक वेडे होतात. नोत्र देम व सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांची चढाओढ १९२६ सालापासूनची आहे. १५ ऑक्टोबर २००५ रोजीं नोत्र देमच्या मैदानावर झालेल्या सामन्यांत यजमान एकतीस विरुद्ध अठ्ठावीस असे पुढें होते. घड्याळांतील वेळ संपली असें दिसतांच हजारों विद्यार्थी आनंदानें मैदानांत उतरले. परंतु चेंडू त्यापूर्वींच रेषेबाहेर गेला होता. म्हणून पंचांनीं सात सेकंद परत दिले. लोकांस मैदानाबाहेर काढण्यांत आलें, खेळ पुन्हां मांडला गेला. आणि चेंडू घेतलेल्या प्रतिपक्षीय खेळाडूस त्याच्या सोबत्यानें मागून रेटा दिला व तो रेषेपलीकडे गेला. तीन सेकंद उरले होते. चौतीस विरुद्ध एकतीस! असा रेटा देणें त्या काळच्या नियमांस धरून नव्हतें; परंतु पंचांनीं दंड केला नाहीं.

एवढें सबळ कारण असतां हरलेल्यांनीं काय करावें? त्या संघाचे प्रशिक्षक आपल्या लहान मुलास बरोबर घेऊन विजयी संघाच्या खोलींत गेले व त्यांनीं खेळाडूंचें अभिनंदन केलें. पुढें २०१० सालीं, प्रतिपक्षाच्या एका खेळाडूस नियमबाह्य लाभ मिळाले होते या कारणावरून, त्या विद्यापीठाचे त्या वर्षाचे सर्व विजय अधिकृत नोंदींतून काढून टाकण्यांत आले. कागदावरून त्यांचा जय पुसला गेला. परंतु त्यामुळें नोत्र देमचा पराजय जय झाला नाहीं. प्रतिपक्षाचा दोष सिद्ध झाला म्हणून आपल्या वाट्याची वेदना आपोआप नाहींशी होते असें नाहीं. ती आपली आपणांसच उचलावी लागते. आमच्या नागपूरच्या सामन्यानंतर आम्हीं महिनाभर पंचांचा पक्षपात, बाजूंची वांटणी आणि ओला चेंडू यांवर जे वादविवाद केले ते सर्व जिंकलों असतों, तरी आमच्या शेजारच्या खोलीला कुलूपच राहिलें असतें.

तर मूळ कथेकडे वळतों. तो मुलगा गेला, आणि आमचें चित्त थाऱ्यावर राहीना. आम्ही पापनिवेदनास गेलों. इतर नित्याचीं पापें सांगून झाल्यावर हीही गोष्ट सांगितली, आणि स्वतःच्या बचावासाठीं "आम्ही ओरडलों नाहीं, नुसते हंसलों" असेंही जोडलें. वृद्ध धर्मगुरूंनीं उपदेश केला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "त्या मुलाचें गांव येथून किती दूर आहे?" आम्हीं अंतर सांगितलें. ते म्हणाले, "दिवाळीची सुटी जवळच आहे." आमचें प्रायश्चित्त आम्हांस समजलें.

नोव्हेंबरचा महिना होता. गोंडपिपरीस उतरून पुढें कांहीं वाट बैलगाडीनें व कांहीं पायीं, असे आम्ही त्याच्या गांवीं पोंचलों. धान पिवळें झालें होतें. बांध्यांतून कापणी चालली होती. त्याच्या आईनें ओसरीवर खाट टाकली, पाण्याचा तांब्या दिला आणि "बस बाबू" म्हणून ती पुन्हां कामास गेली. आम्ही शेतावर गेलों. तो वांकून धान कापीत होता. आम्हांस पाहून तो उभा राहिला.

"एवढ्या लांब काहून आलास गा?" त्यानें विचारलें.

वाटेंत आम्हीं पुष्कळ शब्द जुळविले होते. त्यांतला एकही आठवेना. आम्ही म्हणालों, "त्या दिवशीं आम्ही हंसलों."

"पाहिलं मीनं," तो म्हणाला.

मग त्यानें आमच्या हातीं एक विळा दिला. "बोलायचं असल तं बोल, पण बोलता बोलता काप. पाऊस आला तं सारं भिजल."

आम्ही सायंकाळपर्यंत कापीत होतों. आमचें कापणें पाहून त्यास हंसूं आलें, आणि तें हंसूं आम्हांस मिळालेल्या कोणत्याही क्षमेच्या शब्दाहून गोड वाटलें. बोलतां बोलतां जें कळलें तें असें कीं, तो आमच्या बोलण्यामुळें कॉलेज सोडून आला नव्हता. त्याचे वडील आजारी होते. सामन्याच्या आदल्या दिवशींच निरोप आला होता. तरी संघासाठीं तो एक दिवस थांबला होता. ज्या दिवशीं त्याचें मन येथें, या आजारी पित्याच्या खाटेपाशीं होतें, त्या दिवशीं तो आमच्यासाठीं दोन खांबांच्या मध्यें उभा होता. आणि आम्हीं त्यास काय दिलें तें आपणांस सांगितलेंच आहे. आम्हांस वाटलें होतें कीं त्याच्या आयुष्यांतील मोठें दुःख म्हणजे आमचा सामना! मनुष्य स्वतःच्या पापासही किती मोठेपणा देतो!

परंतु जातांना त्यानें एक गोष्ट सांगितली, ती आजही आमच्या कानांत आहे. तो म्हणाला, "गोल झाला त्याचं काई नाई. गोल होतेच. पन रातच्यानं जेवाले गेलो, तं तुह्या बाजूची जागा रिकामी होती आन् तिच्यावर वही होती. ते मले आठवते."

बंधुभगिनींनो, "जंगली" हा शब्द त्यानें क्षमा केला होता. कारण तो शब्द उच्चारणारे परके होते. वही आमची होती.

संत पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतीचा व मुष्टियुद्धाचा दाखला घेतला आहे हें आपण जाणतांच. संत जॉन बॉस्को यांनीं तुरीन शहरांतील अनाथ मुलें गोळा केलीं, तीं प्रार्थनेइतकींच खेळानें. आणि संत योहान पौल दुसरे, ज्यांस २७ एप्रिल २०१४ रोजीं संतपद देण्यांत आलें, ते पोलंडांतील वाडोवित्से गांवीं बालपणीं फुटबॉल खेळत असत, तेही गोलरक्षक म्हणून. गांवांत कॅथोलिक मुलांचा व यहुदी मुलांचा सामना होई. यहुदी मुलांस गोलरक्षक कमी पडला म्हणजे बाल कारोल त्यांच्या बाजूनें उभा राही. ज्या युरोपांत थोड्याच वर्षांनीं यहुदी लोकांवर मरणाचा कहर गुदरावयाचा होता, तेथें एका मुलानें आपल्या पक्षाची ओढ बाजूस ठेवून दुसऱ्या पक्षाचे खांब राखले. आम्हांस तर आमच्याच पक्षाच्या, आमच्याच तालुक्याच्या मुलाच्या शेजारीं बसवलें नाहीं!

पराभव लपविण्याची वस्तु नाहीं. ३१ जुलै १९४८ रोजीं, स्वातंत्र्याला वर्षही झालें नसतां, लंडनजवळ इल्फर्ड येथें ऑलिंपिकच्या सामन्यांत आपले खेळाडू फ्रान्सविरुद्ध उतरले. त्यांतील बहुतेक अनवाणी. सारंगपाणि रामन यांनीं गोल करून बरोबरी साधली; दोन पेनल्टी मिळाल्या, दोन्ही फुकट गेल्या; आणि एकोणनव्वदाव्या मिनिटास फ्रान्सनें दुसरा गोल केला. दोन विरुद्ध एक, म्हणजे आमच्याच सामन्याचा आंकडा. पेनल्टी चुकविणाऱ्यांपैकीं एक शैलेन मन्ना. त्यांस देशानें वाळीत टाकलें काय? तीन वर्षांनीं, १९५१ सालीं, दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत तेच भारताचे कर्णधार होते, आणि भारतानें सुवर्णपदक जिंकलें. चुकलेल्या मनुष्यास पुन्हां मैदानांत जागा दिली, म्हणून तें पदक मिळालें. ती जागा देणें सहकाऱ्यांच्या हातीं असतें, आणि प्रेक्षकांच्याही. २०१६ सालीं नागपुरांतच सेनादलाच्या संघानें महाराष्ट्रास अंतिम सामन्यांत दोन विरुद्ध एक असें हरविलें. तें वृत्त वाचतांना तोच आंकडा पुन्हां डोळ्यांपुढें आला, आणि त्या रात्रीं महाराष्ट्राच्या मुलांच्या पंगतींत कोणाची जागा रिकामी तर राहिली नसेल ना, हाच विचार आमच्या मनांत प्रथम आला.

आपला धर्मग्राम म्हणजे तरी काय? येथें मराठी बोलणारे आहेत, गोंडी बोलणारे आहेत, नदीपलीकडून आलेले तेलुगू बोलणारे आहेत, केरळांतून येऊन आयुष्य वेंचलेले धर्मगुरू व धर्मभगिनी आहेत. पंचवीस वर्षें आपण एका वेदीभोंवतीं जमत आलों. जय मिळाला त्या दिवशीं एकत्र राहणें कठीण नसतें. पीक बुडालें, मुलगा परीक्षेंत नापास झाला, कोणाच्या हातून सर्वांसमक्ष चूक झाली, त्या दिवशीं आपण कोणाच्या बाजूला वही ठेवतों, यावरून धर्मग्रामाची खरी परीक्षा होते. या पंचवीस वर्षांत आपल्या हातून अशा वह्या ठेवल्या गेल्या नसतील असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. कित्येक घरें मागच्या रांगेंत सरकलीं, कित्येक अजीबात येईनाशीं झालीं. त्यांची गांवें येथून फार दूर नाहींत.

तो आमचा मित्र पुन्हां कॉलेजांत आला नाहीं. वडिलांच्या मागें शेत त्याच्याकडे आलें. त्याचें नांव आम्हीं घेतलें नाहीं, कारण तें त्यास आवडणार नाहीं. परंतु आज तो आमच्या निमंत्रणावरून येथें आला आहे व मंडपाच्या अखेरच्या रांगेंत बसला आहे. त्याचा नातू आज दुपारच्या सामन्यांत खेळणार आहे. कोणत्या जागीं, हें आपण ओळखलेंच असेल. तो आपल्या गांवच्या संघांत नसून पाहुण्यांच्या संघांत आहे, हेंही आम्ही सांगून ठेवतों, म्हणजे टाळ्या वाजवितांना कोणास संकोच होऊं नये.

मुलांनो, तुम्हांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. जिंकण्यासाठींच खेळा, हरण्याची गोडी लावून घ्या असें आम्ही सांगत नाहीं. हरलां तर वाईट वाटूं द्या. ज्यास वाईट वाटत नाहीं तो मनापासून खेळलाच नाहीं. पण शिटी वाजल्यावर सर्वांत आधीं आपल्या गोलरक्षकाकडे जा. आणि सायंकाळीं येथें सहभोजनाची पंगत बसेल तेव्हां दोन्ही संघांच्या गोलरक्षकांसाठीं, ज्यानें गोल अडविला त्याच्यासाठीं आणि ज्याच्या हातून तो निसटला त्याच्यासाठीं, तुमच्या शेजारच्या जागा राखून ठेवा. आमच्यासाठीं ठेवण्याची गरज नाहीं. आमची जागा आम्हीं शेवटच्या रांगेंत, एका जुन्या मित्राच्या बाजूस, अगोदरच मागून घेतली आहे.

 प्रभु आपल्या धर्मग्रामाचें कल्याण करो.